सुई टोचली, रक्त आलं, आणि पावतीवर लिहिलं 'फेशियल'

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात लग्नाची मुलगी असेल, कॉलेजला जाणारा मुलगा असेल, किंवा आरशासमोर उभं राहून गालावरचे खड्डे मोजणारं कुणीही असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात पेपरातून एक गुलाबी पत्रक घरात आलं. लग्नसराई स्पेशल! मायक्रोनीडलिंग, सोबत पीआरपी, एकाच सीटिंगमध्ये खड्डे-डाग गायब, तीन मैत्रिणी एकत्र आल्या तर एकीचं फ्री. पत्ता आपल्याच गावातला. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, फक्त 'सर्टिफाइड स्किन एक्स्पर्ट' आणि मोबाईल नंबर. मी फोन लावला. पत्रकार आहे हे सांगूनच विचारलं, टोचणार कोण? "आमच्या मॅडम. तीन दिवसांचा कोर्स केलाय त्यांनी." बरं, पीआरपीसाठी रक्त कोण काढणार? "लॅबमधला एक मुलगा येतो ना." आणि सुई प्रत्येकीला नवीन? यावर थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "सर, आम्ही स्पिरिटने स्वच्छ करतो."

पार्लरचं नाव लिहीत नाही. असली पत्रकं वाटणारं ते एकटं नाही आणि भांडण त्या एका बाईशी नाही. माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. ज्या कामात कातडी फुटते आणि रक्त येतं, ते काम दवाखान्याचं. त्याला 'फेशियल' म्हटल्याने रक्ताचा गुलाबजल होत नाही.

आधी ही ट्रीटमेंट काय आहे ते समजून घेऊ, कारण ती थोतांड नाही. उलट चांगली आहे, म्हणूनच तिचा हा बाजार बघून संताप होतो.

मायक्रोनीडलिंग म्हणजे बारीक सुयांनी कातडीला मुद्दाम, मोजून-मापून जखमा करणं. 1990 च्या दशकात कॅनडातल्या दोघांनी शाई न भरता टॅटूची मशीन व्रणांवर चालवून पाहिली आणि व्रण सुधारले. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनच्या डेस फर्नांडिस या प्लास्टिक सर्जनने सुया लावलेला छोटा रूळ आणला. तोच आजचा डर्मारोलर. डर्मापेन त्याच्या नंतरचं, त्यात सुया मोटरवर खालीवर होतात. नेहमीच्या रोलरवर 192 सुया असतात. तो एकाच जागी पंधराएक वेळा फिरवला की एका चौरस सेंटिमीटरला अडीचशेच्या आसपास छिद्रं पडतात. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत अडीचशे छिद्रं. आता पूर्ण चेहऱ्याचा हिशेब तुम्हीच करा.

छिद्र पडलं की शरीराला वाटतं जखम झाली. आणि जखम झालेलीच असते. रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे धावतात, दुरुस्तीचे निरोप सोडतात. काही दिवस सूज आणि लाली. मग नव्या पेशी, नव्या बारीक रक्तवाहिन्या. मग कोलॅजन, म्हणजे कातडीला आतून धरून ठेवणारे चिवट धागे. हे धागे आधी कच्चे विणले जातात आणि मग सावकाश पक्के होत जातात. हे सगळं महिन्यांचं काम आहे. घराच्या भिंतीला प्लास्टर केलं तरी पाणी मारायला आठवडा देतो आपण. इथे तर माणसाची कातडी आहे.

आता त्या पत्रकावरचं वाक्य पुन्हा वाचा. "एकाच सीटिंगमध्ये गायब." शरीराला धागा विणायला जिथे महिने लागतात, तिथे एका दुपारीत काय गायब होणार? मुरमांच्या खड्ड्यांसाठी साधारण तीन ते सहा सीटिंग लागतात, दोन सीटिंगमध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर, आणि खरा फरक शेवटच्या सीटिंगनंतरही काही महिने दिसत राहतो. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असताना जी बाई किंवा जो बाबा हे विकतो, तो फसवतोय. तिसऱ्या दिवशी चेहरा तुकतुकीत, भरल्यासारखा दिसतो, तो सुजेमुळे. त्या सुजेचा फोटो काढून 'आफ्टर' म्हणून स्टेटसला टाकतात. सूज उतरली की खड्डा होता तिथेच.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. सगळे खड्डे सारखे नसतात. लाटेसारखे उथळ असतात, कडा उभ्या असलेले पसरट असतात, आणि दाभणाने भोसकल्यासारखे अरुंद-खोल असतात. पहिल्या दोन प्रकारांना सुईचा फायदा बरा होतो. तिसऱ्याला फारसा होत नाही, त्याला वेगळे उपाय आहेत. फायदा होतो म्हणजे काय, तर खड्डा उथळ होतो. गाल दहावीच्या फोटोतल्यासारखा होत नाही. चांगला त्वचारोगतज्ज्ञ हे पहिल्या भेटीत सांगतो, कधीकधी "तुमच्यासाठी हे नाही" असंही सांगतो. पॅकेज विकणारा कधी नाही म्हणताना पाहिलाय का?

सुईची लांबी हाही मोठा विषय. ऑनलाइन मिळणाऱ्या घरगुती रोलरची सुई बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ती वरच्या थरातच फिरते. क्रीम थोडं जास्त मुरेल, खड्डा भरणार नाही. खड्ड्यांसाठी साधारण दीड ते अडीच मिलिमीटर जावं लागतं. कपाळावर हाडाला लागून पातळ कातडी, गालावर जाड, डोळ्याखाली तर कागद. कुठे किती खोल जायचं हे ज्याला शरीररचना शिकवलीय त्याने ठरवायचं. तीन दिवसांच्या कोर्समध्ये काय शिकवतात मला ठाऊक आहे. मशीन कशी धरायची आणि पॅकेज कसं विकायचं.

चुकलं तर काय होतं? आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला जखम झाली की ती काळी पडायची सवय असते. आपल्याकडे मायक्रोनीडलिंग लेझरपेक्षा त्या बाबतीत बरं मानतात, कारण वरचा थर भाजला जात नाही. पण जोर जास्त लावला, मुरमं पिकलेली असताना फिरवलं, दुसऱ्या दिवशी पोरगी स्कूटीवर उन्हात कॉलेजला गेली, की डाग घालवायला गेली आणि डाग घेऊन आली. रोलर ओढला तर रुळांसारख्या समांतर रेघांचे व्रण राहतात. ओठावर नागीण येऊन गेली असेल तर ती पुन्हा उसळू शकते. ज्यांच्या जखमा फुगून गाठीसारख्या वाढतात त्यांनी तर सुईच्या वाटेला जायलाच नको. छिद्रं उघडी असताना वरून कुठलंही सीरम चोळलं की ते थेट आत जातं. अशा सीरमनंतर चेहऱ्यावर गाठी आल्याच्या केसेस अमेरिकेतल्या त्वचारोगाच्या नियतकालिकात 2014 साली छापून आल्या आहेत. नंबिंग क्रीमसुद्धा औषध आहे. जास्त स्ट्राँग क्रीम मोठ्या भागावर थापून वर प्लॅस्टिक गुंडाळलं तर हृदयाच्या ठोक्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

त्याच सुयांतून करंट सोडून आतली कातडी तापवायची मशीनही आता आली आहे. पत्रकांवर तिला 'एमएनआरएफ' म्हणतात. तिच्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर 2025 मध्ये इशारा दिला. भाजणं, व्रण, चेहऱ्यातली चरबी झिजणं, नसांना इजा. तिथे ही गत, आणि आपल्याकडे ही मशीन हप्त्यावर घेऊन मेंदीच्या खोलीत ठेवतात.

आणि आता स्पिरिटचं.

हेपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस टिकतो. 192 सुयांच्या बुडाशी अडकलेलं रक्त स्पिरिटच्या बोळ्याने निघत नाही. म्हणूनच ही सुई एका माणसाची आणि एकदाच वापरायची. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात काय झालं ते ऐका. 2018 मध्ये तिथे एका बाईला एचआयव्ही निघाला. कुठलाच नेहमीचा धोका नाही, फक्त एका स्पामध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' केलेलं, म्हणजे आपल्या पत्रकातलंच मायक्रोनीडलिंग आणि पीआरपी. तपासणीत काय सापडलं? नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या किचनच्या फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी. उघड्या सिरिंज ड्रॉवरमध्ये. एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरलेल्या. परवाना नव्हता. स्पा त्याच वर्षी बंद झाला, पण तपास काही वर्षं चालला आणि अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल 2024 मध्ये अहवाल दिला. तिथल्या किमान तीन बायकांना त्या फेशियलमधूनच लागण झाल्याची शक्यता सर्वात जास्त. सौंदर्याच्या इंजेक्शन-सुईतून एचआयव्ही पसरल्याची नोंद झालेलं हे पहिलं प्रकरण.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेतलं झालं. बरोबर. तिथे शोधणारी यंत्रणा होती म्हणून सापडलं. आपल्याकडे पोरीला वर्षभराने कावीळ निघाली तर आपण पाणीपुरीवाल्याला शिव्या देऊ. पार्लर कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं हवं असेल तर अकोल्याची बातमी आठवा. 2023 च्या सुरुवातीला पेपरांत होती. पार्लरमधून आणलेली गोरं करणारी क्रीम वापरून एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना त्रास झाला. क्रीम तपासली तर त्यात पारा. ती तर नुसती वरून लावायची क्रीम होती. इथे आपण सुईने आत जायला वाट करून देतोय.

आता एक साधा प्रश्न. सलूनमध्ये दाढीला बसल्यावर तुम्ही काय बघता? ब्लेड. नवीन लावलं का, अर्धं तोडून लावलं का. एड्सची भीती गावागावात पोचली आणि गिऱ्हाईक बोलायला लागलं, "दादा, ब्लेड नवीन टाका." बघता बघता सगळी सलूनं बदलली. सरकारने प्रत्येक खुर्चीमागे शिपाई उभा केला नव्हता. पन्नास-साठ रुपयांच्या दाढीला ब्लेड तपासणारा तोच बाप मुलीच्या चेहऱ्यावरच्या हजारो छिद्रांसाठी हजारो रुपये मोजतो आणि सुईचं पाकीट बघत नाही. का? कारण तिथे एसी आहे, पांढरा कोट आहे, भिंतीवर सर्टिफिकेट आहे.

त्या भिंतीवरच्या कागदांबद्दलही बोलू. एक असतो शॉप अ‍ॅक्टचा. 2017 च्या कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या छोट्या दुकानाने फक्त सूचना द्यायची असते, त्याची पोच मिळते. किराणा दुकानालाही तीच मिळते. दुसरा उद्यम नोंदणीचा. तोही धंदा आहे एवढंच सांगतो. तिसरा अ‍ॅकॅडमीचा, सोनेरी किनारीचा, 'इंटरनॅशनल' लिहिलेला. यातला एकही कागद माणसाच्या अंगात सुई खुपसायची परवानगी देत नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 चं कलम 33 नोंदणी नसलेल्याला वैद्यकीय व्यवसाय करायला मनाई करतं. केस लावण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच बजावलं की नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून असल्या प्रक्रिया सुरू करता येणार नाहीत. हे डॉक्टरांना सांगितलं होतं! एमबीबीएस झालेल्याला यूट्यूब पुरत नाही, आणि इथे बारावीनंतर तीन दिवस पुरतात?

डॉक्टरच्या दवाखान्यात वापरलेली सुई पांढऱ्या, टोचता न येणाऱ्या डब्यात टाकावी लागते. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. पार्लरमधली सुई कुठे जाते? घंटागाडीत. आणि कचरा वेगळा करणाऱ्या आपल्या सफाई कामगार ताईंच्या उघड्या बोटांत. चेहरा कुणाचा उजळतो आणि इन्फेक्शन कुणाच्या घरी जातं, बघा.

आता मला कमेंटमध्ये काय ऐकावं लागणार आहे ते मीच सांगतो.

"साहेब, गरीब बायकांच्या पोटावर पाय का देता?" पार्लर चालवणाऱ्या बहुतेक बायका कष्टाळू आहेत. नवरा पिऊन पडलेला असताना आयब्रो-वॅक्सिंगवर मुलांच्या फिया भरणाऱ्या मी पाहिल्यात. त्यांच्या आयब्रोला, मेंदीला, साध्या फेशियलला माझं काही म्हणणं नाही. पण त्यांनाही कुणीतरी लुबाडलंय. अ‍ॅकॅडमीवाल्याने सर्टिफिकेट विकलं, डीलरने मशीन विकली, दोघेही पैसे घेऊन मोकळे झाले. उद्या एखादीचा चेहरा बिघडला तर पोलीस ठाण्यात कोण बसणार? अ‍ॅकॅडमीवाला नाही. हीच ताई. ही पोस्ट तिच्याही बाजूची आहे.

"स्किनचा डॉक्टर परवडतो का?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर डॉक्टर मंडळींनीही द्यायला हवं. तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञ नाही, असला तर आठवड्यातून एक दिवस. जिल्ह्याला जायचं तर दिवस मोडतो. तरी हिशेब करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात त्वचा विभागाला एकदा चेहरा दाखवा. मायक्रोनीडलिंग तिथे होईलच असं नाही, पण खड्डा कोणत्या प्रकारचा, मुरमं आधी आटोक्यात आणायची का, हे कळेल. पुष्कळांना आधी मुरमांचं औषध आणि सनस्क्रीन लागतं, सुई नंतरची गोष्ट. चुकीच्या जागी पाच हजार घालवण्यापेक्षा एसटीचं तिकीट स्वस्त.

"एवढ्या जणींनी केलं, कुणाला काही झालं नाही." हेल्मेट न घालणारा प्रत्येक माणूस हेच सांगतो.

पोरांनो, तुम्हीही सुटला नाहीत. दाढी दाट यावी, टक्कल भरावं म्हणून रोलर मागवताय. केसांबाबत या गोष्टीत तथ्य आहे, आणि ते आपल्या मुंबईतच तपासलं गेलंय. सायनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने शंभर पुरुषांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये छापून आला. मिनॉक्सिडिलसोबत आठवड्यातून एकदा रोलर वापरलेल्यांचे केस नुसतं मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांपेक्षा बारा आठवड्यांत बरेच वाढले. पण तिथे डॉक्टर होते, स्वच्छता होती, टक्कल कोणत्या कारणाने पडलंय हे आधी पाहिलं होतं. तुमच्या रूमवर काय आहे? भरतीची तयारी करणारी चार पोरं, एक रोलर, आणि तो ठेवायला साबणाचा डबा. एक रोलर चौघांत फिरवणं म्हणजे एक सिरिंज चौघांत फिरवणं. यात 'भाई-भाई' काही नसतं.

तर आता मागणी.

नगरपालिकेच्या आरोग्य विभागाने गावातल्या पार्लर, सलून आणि 'स्किन क्लिनिक'ची यादी करावी आणि कातडीत सुई कुठे कुठे घातली जाते ते जाऊन बघावं. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्या आहेत. त्यांना खेड्यातला सलाईन लावणारा दिसतो, मेन रोडवरची एसीतली सुई दिसत नाही. तीही बघावी. जिथे सुई, तिथे दर्शनी भागात डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. नसेल तर ती मशीन बंद. पार्लर चालू राहू दे, मशीन बंद. असं निवेदन मी मुख्याधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना देतोय. सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा.

आणि तोवर तुम्ही, खुर्चीत बसण्याआधी, एवढं विचारा:

1. टोचणार कोण आणि त्यांचा नोंदणी क्रमांक काय? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. दवाखान्यात लावायचा 'नो युवर डॉक्टर' क्यूआर कोडही आता आहे, स्कॅन करा. नुसतं 'डॉ.' बघून थांबू नका.

2. सुईचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडणार का? आणि वापरलेली सुई कुठे टाकणार?

3. माझे खड्डे कोणत्या प्रकारचे, सुई किती मिलिमीटरची, सीटिंग किती आणि फरक कधी दिसणार? "लगेच" असं उत्तर आलं तर चप्पल घाला.

4. मुरमांच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, साखर, नागीण, गाठी येणारे व्रण, पोटात बाळ, यातलं काही आहे का हे तुम्ही मला विचारलंत का? ज्याने हे विचारलं नाही त्याला तुमच्या चेहऱ्याशी घेणंदेणं नाही.

नीट हातांनी झालं तर दोन-तीन दिवस चेहरा लाल राहील, उन्हाने भाजल्यासारखा. थोडी सूज, मग बारीक पापुद्रे. त्या दिवसांत मेकअप नको, ब्लीच नको, लिंबू-हळदीचे प्रयोग नकोत, सनस्क्रीन आणि स्कार्फ हवा. आणि धीर हवा. लग्नासाठीच करायचं असेल तर मुहूर्ताच्या सहा-आठ महिने आधी डॉक्टर गाठा, पंधरा दिवस आधी नाही.

एक शेवटचं, आईबापांना. पोरगी त्या पत्रकाकडे का ओढली जाते? बघायला आलेल्या पाहुण्यांनी जाताना "बाकी सगळं छान, पण चेहरा..." म्हणून वाक्य अर्धं सोडलेलं तिने आतल्या खोलीतून ऐकलेलं असतं. त्या अर्ध्या वाक्यावर हा सगळा बाजार उभा आहे. ते वाक्य आपल्या घरात, आपल्या बैठकीत पुन्हा आलं तर तिथल्या तिथे तोडा. त्याला ना परवाना लागतो, ना पैसा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच. आणि पार्लरवाल्या ताईंनो, तुमच्यापैकी कुणाला अ‍ॅकॅडमीने पैसे घेऊन असलं सर्टिफिकेट दिलं असेल, तर पावती जपून ठेवा आणि माझ्याशी बोला. नाव छापणार नाही. पुढची पोस्ट त्या अ‍ॅकॅडम्यांवर लिहायची आहे.